मंगळवारचं पाणी

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुरुची कुकरचं झाकण काढून डाळ शिजली का ते बघत होती, आणि ओट्यावर ठेवलेला फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत आला. पडू नये म्हणून तिने तो उचलला, वाचायचा म्हणून नव्हे, आणि त्यामुळेच जे वाचलं ते अगदी बेसावधपणे वाचलं. ‘चौदा नंबर वाले प्रतापराव जी कल शाम पानी की टंकी की सीढ़ी से गिर गए हैं. सिर में चोट है, आयसीयू में हैं. सब लोग प्रार्थना करें.’ खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागायला सुरुवात झाली होती. तिच्या काळजात धस्स झालं. एखादा शेजारी पडला की कुणालाही होतं तसं ते असतं तर प्रश्न नव्हता; पण तिच्या मनात पहिल्यांदा आली ती प्रतापरावांची कीव नव्हे, ते पडले ती वेळ. काल संध्याकाळी. काल संध्याकाळी किती वाजता? असं विचारावंसं वाटलं याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली, आणि लाज वाटूनही प्रश्न जागचा हलेना.

सुयोग विहार ही बायपासच्या पलीकडची वस्ती. इंदूर संपलं असं वाटून माणूस निःश्वास टाकतो आणि शहर पुन्हा अर्धंमुर्धं सुरू होतं, तिथे. तीनशे घरं आणि नऊशे अडचणी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, संध्याकाळी पाच ते सहा. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. आज गॅसच्या पाइपसाठी रस्ता खणलेला, उद्या ड्रेनेजसाठी तोच पुन्हा. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, परेशच्या, नोकरीपायी सुरुची सांगलीहून इथे आली तेव्हा पहिलं वर्षभर तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. मग एकदा पाण्याची वेळ बदलली, कॉलनीच्या ग्रुपवर दोनशे माणसं दोनशे गोष्टी बोलू लागली, आणि तिने चार ओळींत स्पष्ट लिहिलं: कधी येणार, किती वेळ, कुठल्या गल्लीत आधी. त्या चार ओळींनी तिचं नशीब पालटलं म्हटलं तरी चालेल. तेव्हापासून रोज दुपारी ‘सुरुचीजी की सूचना’ लागते. भाजीच्या गाडीपाशी अनोळखी बाई तिचा दंड धरून म्हणते, अरे, आप ही हो क्या? मुळात ती बोलकी नाही. लोकांच्या घरात जाऊन बसणं तिला जमत नाही. पण चारशे माणसं आपलं ऐकून मोटर लावतात, पिंपं भरतात, लग्नाचा मांडव एक दिवस पुढे ढकलतात, याची एक गुपचूप ऊब तिला गेली चार वर्षं पुरत आली होती, आणि कालचीही सूचना तिचीच होती. ‘बड़ी टंकी का शटडाउन होने से मंगलवार को नर्मदा का पानी नहीं आएगा. अगली सप्लाई गुरुवार को. कृपया आज शाम ही सब टंकियां पूरी भर लें.’ रविवार, दुपारी चार वाजून दोन मिनिटं.

कुकरमधली डाळ तिने पातेल्यात ओतली, फोडणी घातली, ती जळली, पुन्हा घातली. परेश टॉवेल खांद्यावर टाकून आत आला आणि वास घेऊन म्हणाला, “काय झालं?” तिने फोन पुढे केला. त्याने वाचलं, च् च् केलं. “चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस शिडीवर चढतो कशाला?” म्हणाला. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं. खरंच, कशाला चढतो? कबुतरं बसतात म्हणून जाळी लावायची असेल. गव्हाला ऊन दाखवलं असेल. प्रतापरावांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही, सगळी कॉलनी जाणते. शाळेत खेळाचे शिक्षक होते. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते हे ते भेटल्यापासून दुसऱ्या मिनिटाला सांगतात. टाकीची ती लोखंडी शिडी त्यांनी सियागंजच्या बाजारातून स्वतः पारखून आणली होती आणि आणली त्या दिवशी सुरुचीला रस्त्यात थांबवून दाखवली होती: “बघ, ताई, हिच्यावर हत्ती चढला तरी नी हलणार!” ती आठवण झाली आणि तिला एकदम वाटलं की आपण हसलो होतो त्या वेळी, तोंडदेखलं हसलो होतो आणि पुढे गेलो होतो. पण त्यातही एक आशा होती आणि तिने ती घट्ट धरली. प्रतापरावांकडे बटणांचा फोन आहे. ते ग्रुपवर नाहीत. सूचना त्यांनी वाचलेलीच नाही.

ही आशा बाथरूमपर्यंत टिकली. तिथे नळ सोडून, दार लावून तिने संजीवचा आवाजी निरोप पुन्हा लावला. संजीव हा वस्तीचा वॉल्व्ह फिरवणारा माणूस. सुरुचीची सगळी अक्कल त्याच्याकडून येते. मात्र तो कामाचं एक वाक्य सांगायला दोन मिनिटं घेतो. आधी राम राम, मग गुडघा, मग वरच्या साहेबाने केलेला अन्याय, मग पाणी. चार वर्षांत तिची पद्धत बसून गेली होती: निरोप दुप्पट वेगाने लावायचा, पाण्याचा शब्द आला की लिहून घ्यायचं आणि बंद करायचं. काल ती वरण-भात जेवून सुस्तावली होती. मंगळवार, बडी टंकी, शटडाउन. एवढं ऐकलं, बंद केलं, लिहिलं. आता तिने साध्या वेगाने पहिल्यापासून ऐकलं. राम राम झालं, गुडघा झाला, शटडाउन झालं, आणि मग एक खोकला, आणि संजीव म्हणत होता: “पर सुनो मैडम जी, अपनी वाली नी है उसमें. अपनी लाइन तो पीछे वाली टंकी से है ना. अपने यां मंगल को बराबर आएगा पांच बजे. बाकी कालोनी वाले पूछें तो बता देना, आप टेंशन मत लेना.” नळ वाहत होता. तिने तो बंद केला नाही. बादली भरून पाणी तिच्या पावलांवर आलं, पुढे जाळीत गेलं, आणि ते वाया जाणारं पाणी बघत ती किती वेळ तशीच उभी राहिली हे तिला नंतर सांगता आलं नसतं.

सांगलीला, लहानपणी, नदी फुगली की रिक्षा फिरायची. वर कर्णा बांधलेला, आत एक चिडका माणूस: आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी इतके फूट इतके इंच. कर्णा लांबून ऐकू आला की तिचे वडील हात वर करत. मग घरात कुणी बोलायचं नाही, भांडं ठेवायचं नाही. आई गॅस बारीक करायची. रिक्षा त्यांच्या दारावरून जाऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत, शेवटचा शब्द विरून जाईपर्यंत वडिलांचा हात वरच असे. मग तो खाली यायचा आणि ते ठरवायचे की धान्य माळ्यावर चढवायचं की नाही. सुरुचीला त्या हाताचा भयंकर कंटाळा यायचा. फूट कळले ना, मग बास की, असं तिला वाटायचं. एवढी साधी गोष्ट होती. तिला आता कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्या हाताचा रंग, नखं, मनगटावरचं घड्याळ सगळं दिसत होतं आणि ती मनातल्या मनात वडिलांना समजावत होती की तुमच्या वेळी दिवसात दोन रिक्षा यायच्या, इथे माझ्याकडे दिवसाला तीस निरोप येतात. वडील वारून सात वर्षं झाली होती. समजावणं कुणाला चाललं होतं कोण जाणे.

कंपनी औषधांची, आणि सुरुचीचं काम कागदांचं. उत्पादनात काही चुकलं की त्याचा फॉर्म भरून तिच्याकडे येतो: काय घडलं, केव्हा, कुणाच्या हातून, मूळ कारण काय, पुन्हा घडू नये म्हणून काय केलं. लोक लपवतात, गुळमुळीत लिहितात, आणि ती लाल पेनने गोल करून परत पाठवते. ‘मूळ कारण स्पष्ट करा.’ त्या सोमवारी तिच्यापुढे एका गोळ्यांच्या बॅचचा फॉर्म होता. मूळ कारणापुढे लिहिलं होतं, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. तिने पेन उघडलं, मिटलं. माणसाचं लक्ष नसतं तेव्हा ते कुठे असतं? तिचं काल कुठे होतं? कुठेच नव्हतं. आणि समजा आपल्या चुकीने सगळ्यांनी एकाच वेळी मोटर लावली, लावलीच असणार, समजा त्यामुळे दाब पडला, चौदा नंबरचं घर गल्लीच्या टोकाला, तिथे पाणी वर चढलं नसेल, म्हणून एक म्हातारा बघायला वर गेला असेल. इतकं समजावं लागतं. कोर्टात उभं राहणार नाही. पण कोर्टात उभं करायला कुणी आलंच नव्हतं, ती एकटीच दोन्हीकडून भांडत होती. दुपारी तिने परेशला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तू काय ढकललंस का त्यांना?”

“नाही.”

“मग? फुकट सेवा करतेस लोकांची, त्यात एक चूक. आणि उद्या पाणी आलं तर लोक खूशच होतील. कुणाला कळणार आहे? गप्प बस, सुरू. उगाच ओढवून घेऊ नकोस.”

त्याचं खोटं नव्हतं. दुरुस्तीची सूचना टाकायला तिने तीनदा फोन हातात घेतला. ‘काल की सूचना में गलती थी’ इथपर्यंत लिहिलं आणि तिला दिसलं की या ओळीच्या बरोबर वर प्रतापरावांची बातमी आहे. चारशे माणसं दोन्ही एकाखाली एक वाचणार. तिने अक्षरं एकेक करून पुसली. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी तिलाच हाक मारली: सुरुची जी, प्रतापराव जी के लिए ओ निगेटिव ब्लड चाहिए, आप अच्छे से लिख कर डाल दीजिए, आपका सब पढ़ते हैं. आपका सब पढ़ते हैं. तिने लिहिलं. हॉस्पिटलचं नाव, मजला, मुलाचा म्हणजे यशवर्धनचा नंबर. नंबर अकरा वेळा ताडून पाहिला. ब्लड बँकेला स्वतः फोन करून वेळ विचारली आणि पलीकडची मुलगी फोन ठेवेपर्यंत कान लावून होती. सूचना गेली आणि आभाराचे संदेश येऊ लागले. धन्य हो आप. कॉलनी को आप पर नाज है. ते वाचताना तिच्या अंगावर काटा आला आणि लगेच, त्याच क्षणी, तिला बरंही वाटलं. आपल्यातलं काहीतरी अजून तो गोडवा चाटून घेतंय हे तिने स्पष्ट पाहिलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

मंगळवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून हॉस्पिटलला निघाली. परेशला म्हणाली, शेजारधर्म आहे. स्वतःशी म्हणाली, एकच विचारायचं: काका वर कशाला गेले होते. कबुतरं, असं उत्तर आलं की संपलं. मग गुरुवारपासून आपण प्रत्येक निरोप शेवटपर्यंत ऐकू, संजीवच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा करू. भंवरकुआंच्या चौकात सिग्नलला रिक्षा अडली. क्लासची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन लोंढ्याने रस्ता ओलांडत होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निकाल लागायचा आहे असं काहीतरी होतं. की तिलाच तसं दिसत होतं? रिक्षावाला म्हणाला, “मैडम, तबीयत तो ठीक है ना?” ती म्हणाली, ठीक है, आणि हातरुमालाने मान पुसली.

तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर यशोधराकाकू एकट्याच बसल्या होत्या. प्रतापरावांची बायको म्हटलं की कॉलनीला त्यांचा मोठा आवाज, नऊवारीच्या जरीचा सोस आणि कुणालाही जेवायला बसवणं आठवतं. आज त्या साध्या वायलच्या पातळात, पिशवी मांडीवर धरून, बस चुकलेल्या बाईसारख्या दिसत होत्या. सुरुची शेजारी टेकली. ऑपरेशन झालंय, शुद्ध नाही, डॉक्टर दोन दिवस बघू म्हणतात, हे काकूंनी न विचारता सांगितलं. सुरुचीच्या पर्समध्ये फोन थरथरू लागला, थांबेना. ती बंद करायला गेली आणि पडद्यावर दिसलं. पानी आ गया! फुल प्रेशर! काम जल्दी निपट गया लगता है. सुरुची जी, मीठा मुंह कराओ. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. तिने फोन उलटा करून दाबून धरला.

“काकू,” ती म्हणाली, “काका वर कशाला गेले होते?”

यशोधराकाकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेच्या दाराकडे बघत म्हणाल्या, “मी पाठवलं त्यांना.”

“तुम्ही?”

“मीच तर. ते टीव्ही बघत बसले होते आरामशीर. मी तुझा मेसेज वाचून दाखवला. म्हटलं, मंगळवारी पाणी नाय, आज टाकी भरून घ्या. मोटर लावली. अर्धा तास झाला तरी वर पाणी पडायचा आवाज नाय. ते म्हणाले, येईल गं, काय जल्दी आहे. मी म्हटलं, अहो, सुरुचीने लिहिलंय, ती कधी फालतू लिहिते का? जा, बघून या, पाइप निघाला असेल. दोन वेळा म्हटलं.” त्यांनी पिशवीचे बंद एकमेकांत गुंडाळले, सोडले. “चप्पल घालून गेले. मी म्हटलंसुद्धा नाय की चप्पल काढा. हिंदी सिरियल चालू होती ना, मी तिकडे बघत होते. यश माझ्याशी बोलत नाय आहे. परवापासून. त्याने एकदाच विचारलं, बाबांना वर कुणी पाठवलं, मी सांगितलं, बस. दवा आणतो, डबा आणतो, माझ्या बाजूला ठेवतो, बोलत नाय. खरंच आहे ना त्याचं. चौऱ्याहत्तरचा माणूस. पाणी नसतं आलं तर काय मरणार होतो आम्ही? पण मला पाणी पाहिजे होतं.”

आता गप्प बसण्यासारखं सोपं काही नव्हतं. काकूंनी सगळा दोष आधीच स्वतःकडे घेतला होता, पदरात घट्ट बांधून बसल्या होत्या. त्यातला कण सुरुचीकडे यायची शक्यता नव्हती. तिने फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, तुमची काय चूक काकू, असं म्हणायचं होतं, आणि सहा वाजता परत जायचं होतं. हात तिने ठेवलाही. हाताखाली त्या बाईची पाठ बारीक बारीक थरथरत होती, आणि सुरुचीला उमगलं की कालपासून आपण ज्याला भीत होतो ते पकडलं जाणं नव्हतंच, हे होतं. आपल्या जागी दुसरं कुणी बसलेलं असणं.

“काकू, माझा मेसेज चुकीचा होता.”

“काय?”

“पाणी बंद नव्हतंच. आपल्या लाइनला नव्हतं. संजीवने नीट सांगितलं होतं, मी पूर्ण ऐकलं नाही. अर्धंच ऐकून लिहिलं. काल सकाळी कळलं मला, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आत्ता कॉलनीत पाणी आलंय. फुल प्रेशर.” शेवटचे दोन शब्द का बोललो ते तिला कळलं नाही.

यशोधराकाकू ओरडतील असं तिला वाटलं. त्या मोठ्या आवाजाने, सगळा मजला ऐकेल असं. रडतील असंही वाटलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला इतकी ताकद असेल याची कल्पना नव्हती. त्या उठल्या, तिला उठवलं, आणि कॉरिडॉरमधून, स्ट्रेचर टाळून, पाण्याच्या कूलरवरून, जिन्यापाशी घेऊन गेल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर यशवर्धन बसला होता. दाढी वाढलेली, हातात रिपोर्टची पाकिटं. सुरुचीला बघून तो लगबगीने उभा राहिला.

“ताई, तुम्ही कशाला आलात एवढ्या दूर? थँक यू हां. तुमच्या मेसेजमुळे सात जण आले ब्लड द्यायला. मला तर कुणाला सांगायचं तेच सुचत नव्हतं.”

“हिचं ऐक,” काकू म्हणाल्या. “हिला सांगायचंय काहीतरी.” आणि मनगट सोडून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

सुरुचीने सांगितलं. पहिल्यापासून, क्रमाने, रविवारचं जेवण, निरोप, दुप्पट वेग, चार वाजून दोन मिनिटं, सोमवारची सकाळ, पुसलेली दुरुस्ती. ती सांगत होती तेव्हा शेजारून माणसं वर-खाली जात होती आणि यशवर्धन त्यांना वाट द्यायला बाजूला सरत होता, पण नजर काढत नव्हता. काकांना वर तुमच्या आईने नाही, मी पाठवलं, असं ती शेवटी म्हणाली आणि थांबली. आणखी काही राहिलं का ते आठवत राहिली. काही राहिलं नव्हतं. तो आता काय करील? काहीही केलं असतं तरी तिला चाललं असतं. शिवी दिली असती, कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं असतं, तरी ती घेऊन घरी गेली असती.

यशवर्धनने हातातली पाकिटं सारखी केली. मग तो तिच्या बाजूने, तिला स्पर्श न होऊ देता, पुढे गेला आणि भिंतीपाशी थांबला.

“आई,” तो म्हणाला, “तू चहा घेतलास का सकाळपासून?”

काकूंनी मान हलवली. त्याने त्यांच्या मांडीशी लोंबणारी पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली, त्यांच्या कोपराखाली हात घातला, आणि दोघं एक एक पायरी करत खाली कँटीनकडे उतरू लागले. काकूंचा आवाज जिन्यात ऐकू येत होता, बोलत होत्या, रडत होत्या, मधेच त्याला काहीतरी सांगत होत्या. तोही हो हो म्हणत होता. सुरुची वरच्या पायरीवर उभी राहिली. दोघांपैकी कुणीतरी एकदा वर बघेल म्हणून ती थोडा वेळ थांबली, आणि कुणी बघितलं नाही.